टाके निघाल्यावर

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि काही गुंतागुंत नसली, की पेशंट बहुधा आठवड्याच्या आतबाहेर घरी येतो, तोही स्वतःच्या पायांनी चालत. पोटावर सेंटिमीटरभराच्या चार-पाच खुणा, बेंबीपाशी किंवा ओटीपोटावर एक जरा मोठा छेद, बस्स. भेटायला आलेली मंडळी पट्ट्यांकडे बघून म्हणतात, ‘‘एवढंच?’’ पुढे टाके निघतात, जखम छान भरल्याचं डॉक्टर सांगतात आणि घरच्यांच्या लेखी आजारपण संपतं. पेशंट मात्र आंघोळ करून बाहेर आला की टॉवेल हातात धरून पलंगाच्या कडेवर बसलेला असतो. कपडे घालायला उठायचं, तर आधी त्राण गोळा करावं लागतं.

हे पुस्तक त्या हरवलेल्या त्राणाविषयी आहे. रोग कळल्याचा धक्का, केमोचे हाल, जिद्दीने केलेली मात यांवर मराठीत लिहिलं जातं आणि वाचलंही जातं. ऑपरेशन यशस्वी झाल्यानंतरच्या थकव्याला फारशी जागा मिळत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. माणूस पडून असतो, इतकंच. मी डॉक्टर नाही. उजव्या बाजूचं आतडं काढून टाकलेला एक पेशंट आहे. पुढच्या प्रकरणांतला वैद्यकीय मजकूर त्या-त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी तपासून दिला आहे. मतं माझी आहेत आणि त्यांतलं पहिलं इथेच सांगून टाकतो : बाहेरच्या छेदावरून आतल्या ऑपरेशनचं माप काढणं हे या सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे.

आत काय होतं ते बघा. भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर दाबाने, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि हत्यारं फिरवायला जागा होते. टेबल तिरकं करतात, तासन्‌तास तसंच ठेवतात. गाठ उजवीकडे असेल तर लहान आतड्याचं शेवटचं टोक, त्याला जोडलेली मोठ्या आतड्याची सुरुवात आणि वर जाणारा सगळा भाग पाठीकडच्या भिंतीपासून सोडवून घेतात. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळाशी बांधून कापतात. रसग्रंथींचा पुंजका सोबत निघायलाच हवा. पॅथॉलॉजिस्टला तपासायला निदान १२ ग्रंथी मिळाव्यात असा दंडक आहे. मग उरलेली दोन टोकं स्टेपलरने किंवा हाताने जोडायची. काढलेला भाग बाहेर घेण्यासाठी तो एक मोठा छेद. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये आत जे करतात, तेच सगळं इथेही करतात. करायलाच हवं, नाहीतर कॅन्सरचं ऑपरेशन अपुरं राहील. बदलतो तो फक्त आत जायचा रस्ता.

हा रस्ता फार जुना नाही. एरिश म्यूह या जर्मन सर्जनने १९८५ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा त्याच्या देशातल्या सर्जनांनी त्याला जवळजवळ वेड्यातच काढलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली देशातलं असं पहिलं ऑपरेशन केलं. आतड्याची पाळी त्यानंतर वर्षभरात आली. पण कॅन्सरसाठी हे तंत्र वापरावं की नाही, यावर नव्वदचं दशक वादात गेलं. दुर्बिणीच्या छिद्रांपाशीच गाठी उगवल्याच्या काही नोंदी झाल्या आणि सर्जन धास्तावले. अमेरिकेत ८७२ रुग्णांवर तुलना झाली, तिचा निकाल २००४ साली आला : रोग उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. ब्रिटन आणि युरोपातल्या चाचण्यांनीही तेच दाखवलं. भीती गेली.

याच अमेरिकन चाचणीतला एक उप-अभ्यास मला अधिक बोलका वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. ४४९ रुग्णांना त्यांचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारलं गेलं. दोन आठवड्यांनी दुर्बीणवाल्यांची अवस्था किंचित बरी होती, तीही एका मापावर. दोन महिन्यांनी दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक उरला नव्हता. दुर्बिणीमुळे वेदना कमी होतात, वेदनाशामकं कमी लागतात, आतडं लवकर हलायला लागतं, हॉस्पिटलमधला मुक्काम थोडा आखडतो. हे फायदे खरेच आहेत आणि मी ते भोगले आहेत. पण आतलं दुखणं आतच असतं, आणि ते दुर्बिणीला बघून लहान होत नाही.

मग थकवा नेमका येतो कुठून? याचं अर्धं उत्तर नव्वद वर्षांपूर्वीचं आहे. ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन नावाचा तरुण जीवरसायनतज्ज्ञ पाय मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होता. तिच्यातून नायट्रोजन, म्हणजे पर्यायाने प्रथिनं, इतकी बाहेर पडत होती की एका मोडलेल्या पायाच्या झिजेवर त्याचा खुलासा होईना. शरीर सगळीकडचे स्नायू मोडून खात होतं. मोठी जखम झाली की शरीर असंच वागतं, मग ती अपघाताची असो वा सर्जनच्या सुरीची. कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन वाढतं, दाह पेटवणारी रसायनं रक्तात येतात, इन्सुलिनचा प्रभाव काही काळ मंदावतो आणि मांड्या-दंडांतली प्रथिनं जखम भरण्याच्या कामाला लावली जातात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हा वणवा थोडा लहान असतो, पण विझलेला नसतो. जिना चढताना पाय लटपटतात ते मनाचे खेळ नव्हेत. मांडीतला स्नायू खरोखरच कमी झालेला असतो.

उरलेलं अर्धं उत्तर रक्तात आहे. उजव्या बाजूच्या गाठी महिनोन्‌महिने थेंब-थेंब झिरपतात. शौचाला रक्त दिसत नाही, पोट दुखत नाही, आणि अनेकदा थकवा हेच पहिलं लक्षण असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. अशा राज्यात पन्नाशीच्या बाईला दम लागला तर आतड्याची तपासणी कोणाला सुचणार? लोहाच्या गोळ्या मिळतात आणि गाठ वाढत राहते. म्हणजे टेबलावर जाणारा माणूस मुळात थकलेलाच असतो. ऑपरेशनने गळती थांबते, पण रिकामी झालेली लोहाची कोठी आपोआप भरत नाही. त्यातून दाह चालू असताना आतडं गोळीतलं लोह नीट शोषून घेत नाही, म्हणून काहींना ते शिरेतून द्यावं लागतं. आणखी एक : ब-१२ हे जीवनसत्त्व शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि उजवीकडच्या ऑपरेशनात त्याचाच तुकडा जातो. तुकडा लहान असेल तर बिघडत नाही. पण शाकाहारी माणसाचा साठा आधीच तोकडा असतो, तेव्हा तपासून घेतलेलं बरं.

झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो आणि पोटाच्या ऑपरेशनचा खांद्याशी काय संबंध ते कळत नाही. पोटात भरलेल्या वायूने श्वासपटल चिडतं आणि त्याचा मज्जातंतू मानेतून येतो, म्हणून कळ खांद्यात उमटते. कूस बदलताना पोट ओढतं. शिवाय आतड्याला नवी घडी बसेपर्यंत रात्री उठावं लागतं. मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर पातळ द्रव उतरतं आणि त्यातलं बहुतेक पाणी शोषून ते जेमतेम पेलाभर करून बाहेर टाकतं. आतडं आखूड झालं की हा हिशेब काही आठवडे, काहींचा काही महिने, चुकतो. गाठ गुदाशयात असेल तर हाल जास्त : एकदा जाऊन आलं की पुन्हा, परत पुन्हा, आणि आली की थांबत नाही. लोकलने वा एसटीने जाणारा माणूस मग घराबाहेरच पडत नाही, आणि न चालल्याने आणखी थकतो. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली या त्रासाचं मोजमाप करणारी पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली बनवली. आपल्या सर्जनना ती ठाऊक असते. पण पेशंट लाजेपोटी बोलत नाही आणि ओपीडीतल्या गर्दीत कोणी विचारत नाही.

या थकव्याचा स्वभाव ओळखून ठेवण्यासारखा आहे. दिवसभर काम करून येतो तो शिणवा झोपल्यावर जातो. हा झोपेला दाद देत नाही. सांगून येत नाही. बोलता-बोलता, घास हातात असताना येतो. वर्तमानपत्राचं एक पान वाचून होत नाही. पाहुण्यांशी अर्धा तास गप्पा मारल्या तर दुपार वाया जाते. आणि सगळ्यात फसवे असतात ते चांगले दिवस. एखाद्या सकाळी बरं वाटतं, माणूस उत्साहाने बँक, बाजार, मंदिर उरकून येतो आणि पुढचे दोन दिवस पलंगावरून हलत नाही. मग घरातल्यांना वाटतं, तब्येत पुन्हा बिघडली. तसं नसतं, उधारीवर जगलेल्या दिवसाची ती वसुली असते. चांगल्या दिवशी हात आखडता घेणं हे मला चालण्याच्या व्यायामापेक्षा अवघड गेलं.

आपल्या घरांत यावर दोन उपाय चालतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, ‘आराम कर’. पाणीसुद्धा हातात आणून द्यायचं, खोलीचं दार लोटून घ्यायचं. निरोगी वृद्ध माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून बघितलेला एक अमेरिकन अभ्यास आहे. त्यांच्या पायांतला स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोने घटला. ऑपरेशन नाही, आजार नाही, केवळ पडून राहणं. आता त्यावर शरीराने स्वतःच मोडून खाल्लेला स्नायू धरा. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनने नव्वदच्या दशकात पेशंटला ऑपरेशननंतर उपाशी ठेवणं, नळ्या लावून झोपवून ठेवणं यांवरच प्रश्न उभे केले. भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत पाणी चालतं, त्याच दिवशी चार घोट द्यावेत, दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालवावं, नळ्या शक्य तितक्या लवकर काढाव्यात, ही आज आपल्याकडच्या चांगल्या हॉस्पिटलांतही दिसणारी पद्धत त्या विचारातून आली. पण ती हॉस्पिटलच्या दारापर्यंतच येते. घरी आलं की पुन्हा पलंग.

दुसरा उपाय उलटा : ‘आता काय झालंय तुला?’ याचा फटका बायकांना बसतो. पुरुषाला ऑफिसातून रजा मिळते, निदान मागता येते. बाई चालती-फिरती दिसली की स्वयंपाकघर तिच्या हवाली होतं, आणि पुष्कळदा तीच ते ओढून घेते, कारण पसारा बघवत नाही. भरलेली बादली, कणकेचा डबा, अंगावर झेप घेणारं नातवंड, ओलं धुणं यांतलं काहीच ‘वजन’ म्हणून कोणी मोजत नाही. पोटाच्या भिंतीतला कणखर पडदा शिवल्यावर त्याची मूळ ताकद परत यायला महिने लागतात. सहा आठवड्यांत तो जेमतेम निम्म्या वाटेवर असतो. म्हणूनच सर्जन सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलू नका म्हणतात. पाण्याची बादली याच्या तिप्पट भरते. छेद लहान असला तरी त्यातून हर्निया होऊ शकतो, विशेषतः आतडं बाहेर काढलेल्या मधल्या छेदातून.

सलाईनबद्दल दोन शब्द. ‘फार अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून घेऊ’ हा आपल्याकडचा आवडता इलाज, आणि गल्लीतले डॉक्टरही तो आनंदाने करतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे साधारण पाच चमचे. साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकलं असेल तर त्याचा उपयोग आहे, थकव्यावर नाही. तेवढ्याच पैशांत आठवडाभराची अंडी येतात.

अंड्यांवरून खाण्याचा विषय निघतो. ऑपरेशननंतर शरीराला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. आपण त्याला काय देतो? भाताची पेज, शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस. सगळं पचायला हलकं आणि प्रथिनांच्या दृष्टीने जवळजवळ शून्य. त्यातून प्रत्येक मावशी-आत्या आपलं पथ्य सांगून जाते : एकीला डाळ वातूळ, दुसरीला दही थंड, तिसरीला अंडं उष्ण. सगळ्यांचं ऐकलं तर ताटात मऊ भात आणि मेतकूट उरतं. सुरुवातीचे काही आठवडे कोंडा, कच्च्या भाज्या, सालं-बिया टाळायला सर्जन सांगतात, ते पाळावंच. पण मुगाचं घट्ट वरण, ताजं दही, पनीर, अंडं, मऊ शिजवलेला मासा यांना त्यांची हरकत नसते. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात आणि एका अंड्यात सहा; ७५ पर्यंत पोचायला दिवसभर थोडं-थोडं खात राहावं लागतं. भूक नसताना हे जमवणं हा एक उद्योगच आहे, म्हणून त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

चालण्याविषयी सविस्तर पुढे येईल. इथे एवढंच, की थकव्यावर ज्या उपायाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तो व्यायामच. शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासून २०१७ साली निष्कर्ष निघाला, की कॅन्सरशी निगडित थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसोपचार अधिक उपयोगी पडतात. माँट्रियलच्या डॉक्टरांनी तर ऑपरेशनच्या आधीच चार आठवडे चालणं, ताकदीचे व्यायाम आणि प्रथिनं सुरू केली. दोन महिन्यांनी त्या गटातले ८४ टक्के लोक पूर्वीइतकं चालू शकत होते. ऑपरेशननंतर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ६२ टक्के. तारीख मिळायची वाट बघण्यात जाणारे आठवडे आपण काळजी करण्यात घालवतो, ते असे वापरता येतात. आणि २०२५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला : ८८९ रुग्ण, केमो संपल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ८० टक्के, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांत ७४ टक्के. ही केमो झाल्यानंतरची गोष्ट आहे, टाके ओले असतानाची नव्हे, हे उत्साही मुलांनी ध्यानात घ्यावं.

केमो. रसग्रंथींत रोग सापडला तर ती लागते, आणि ऑपरेशननंतर साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू व्हावी असा प्रयत्न असतो. म्हणजे जरा अंगात जीव आला म्हणेपर्यंत नवा थकवा हजर. ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर फ्रिजच्या पाण्याचा ग्लास धरला तरी बोटांत मुंग्या येतात. हा थकवा आधीच्यापेक्षा वेगळा असतो. त्याचा भाग पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे. ज्यांना केमो लागणार नाही, त्यांनी तो खुशाल वगळावा.

एक गोष्ट वगळू नये. ‘थकवा येणारच’ या वाक्याआड धोका लपवू नका. हळूहळू ओसरत असलेला थकवा एकाएकी वाढला, ताप आला, पोट फुगून दुखायला लागलं, उलट्या झाल्या, वायू सरायचा थांबला, नाडी धावायला लागली, तर जोडलेलं आतडं गळत असू शकतं, आणि ते घरी आल्यावरही होऊ शकतं. एका पोटरीला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर अनेकांना चार आठवडे पोटात इंजेक्शनं घ्यायला सांगतात ती त्यासाठीच. अशा वेळी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नये, रात्रीच निघावं. आणि सहा-आठ आठवड्यांनंतरही थकवा तसूभर हलला नसेल, तर हिमोग्लोबिन, लोह, ब-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं, आणि मन खचलेलं नाही ना हेही कोणीतरी विचारावं.

डॉक्टरमंडळींना एक विनंती. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, टाके काढायची तारीख असते. त्याच्याखाली दोन ओळी वाढवा : थकवा किती आठवडे अपेक्षित आहे, आणि हिमोग्लोबिन कोणत्या तारखेला तपासायचं. तो कागद घरातला प्रत्येक माणूस वाचतो. तेच पेशंटच्या तोंडून ऐकलं तर त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.